ढोरमाळावरचा दगड

हिवरदरा, ता. पारनेर
१२ फेब्रुवारी १९७३

ती. गुरुजींस,

चांगुणाचा नमस्कार.

पत्रात आधी खुशाली लिहावी आणि मग विषयाला हात घालावा, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आमच्याकडे खुशाली नाही, म्हणून विषयच लिहिते.

आमचा पाखऱ्या बैल परवा मेला. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तो बादलीभर पाणी प्याला, राहीआत्याच्या हाताला जीभ लावली. सकाळी दावणीला आडवा. पोट फुगून पाय ताठ झालेले, नाकातून काळं रक्त येत होतं आणि ते गोठत नव्हतं. आत्या त्याच्या तोंडाशी बसून पदरानं ते पुसत राहिली. त्याची आई विताना मेली तेव्हा आत्यानंच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. दादा बहिणीला म्हणाले, "सोड आता राहे, गेला त्यो." तर म्हणते, "गेला तर गेला, रगताच्या तोंडानं कसा जाऊ द्यू?" मग तोच पदर डोक्याला गुंडाळून ती कामावर गेली. पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा येतो. लुगडं धुवायला पाणी कुठलं?

गावातलं हे बारा दिवसांतलं सातवं जनावर. सातही जनावरं ढोरमाळावर चरत होती.

गुरुजी, ढोरमाळ तुम्ही विसरला नसाल. गेल्या कार्तिकात तुम्ही नगरहून आलात, दुष्काळ समितीचे सभासद म्हणून. पाझर तलावाच्या बांधाला मुरूम हवा होता आणि जवळात जवळ तो ढोरमाळावर होता. आमच्या कारभारीबाबांनी, म्हणजे दादांच्या चुलत्यांनी, भर सभेत हात जोडले. चाळीस वर्षं त्यांनी गावची गुरं राखली, पण त्या माळावर एक शेळी चढू दिली नाही. पोळ्याची मिरवणूकसुद्धा तिथून वळसा घालून जाते. ते म्हणाले, "मास्तर, तिथं खांदू नका. म्हसोबा कोपतो."

तुम्ही म्हणालात, "कोपू द्या की बाबा. मी त्याच्या शेजारी खाट टाकून झोपतो."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. मग तुम्ही म्हणालात, "गावात काडी उरली नाही आणि इथं देवाच्या नावानं पन्नास वर्षांचं गवत वाळतंय!" ते खरंच होतं. तुम्ही आणि मी दोन बाजूंनी धरून तो शेंदराचा दगड उचलला. तुम्ही तो नगरला घेऊन गेलात, व्याख्यानात दाखवायला. आणि ओव्हरसियर साहेबांना द्यायचा कागद तुम्ही सांगितलात, मी लिहिला: "सदर जागेविषयीची ग्रामस्थांची समजूत ही निव्वळ अंधश्रद्धा असून तिथे खोदकामास व चराईस कोणतीही हरकत नाही." खाली तुमची सही, त्याखाली माझी.

आता खड्डा पुरुषभर खोल झाला आहे. त्यातून हाडं निघतात. गुरांची, थरावर थर. मुरमाबरोबर ती बांधावर जातात आणि मुरमाची धूळ गवतावर बसते.

मी काम बंद करा म्हणत नाही. चारशे माणसं त्या कामावर जगतात. तिथल्या मजुरांना सरकारी सुकडीचा खाऊ वाटायचं माझं कामही तुमच्याच शब्दानं मिळालेलं आहे, हे मी विसरलेले नाही. पण मुरूम पलीकडच्या बोडक्या टेकडीतून काढता येईल. अर्धा मैल लांब, इतकंच. ओव्हरसियर म्हणतात, तुमचा कागद आहे तोवर जागा बदलता येत नाही. तेव्हा तो कागद मागे घेतो, अशा दोन ओळी लिहा. एवढंच मागणं.

आपली,
चांगुणा सहादेव


१७ फेब्रुवारी १९७३

ती. गुरुजींस,

उत्तर नाही. टपाल दोन दिवसांत पोचतं, हे मी पोस्टमनला दोनदा विचारून घेतलं आहे.

मी तालुक्याला गुरांच्या दवाखान्यात जाऊन आले. तिथले डॉक्टर सुमंत साहेब भले गृहस्थ आहेत. रक्त गोठत नव्हतं हे ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा फाशीचा रोग," ते म्हणाले. "मेलेलं जनावर फाडायचं नाही, ओढत न्यायचं नाही. खोल पुरायचं आणि वर चुना टाकायचा. नीट पुरलं नाही तर रोगाचं बी मातीत वर्षानुवर्षं राहतं."

"किती वर्षं?"

"माती उकरेपर्यंत, असं समजा."

"आम्ही उकरली आहे," मी म्हणाले.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. लस मागवतो म्हणाले. सत्तावीस गावांना ते एकटे आहेत आणि त्यांची मोटारसायकल महिनाभर बंद आहे. मी विचारलं, हा रोग माणसाला होतो का? ते म्हणाले, "होतो. पण ते खातं माझं नाही. माणसांच्या दवाखान्यात विचारा."

तिथून ओव्हरसियर साहेबांकडे गेले. ते चहा घेत होते. म्हणाले, "बाई, गुरं मरतात ती गुरांच्या डॉक्टरनं बघावीत. माणसं आजारी पडली तर माणसांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे माती. मातीला काय रोग होतो का?" जवळचे दोघे हसले. मग त्यांनी फाइल उघडून तो कागद माझ्यापुढे धरला. "हे अक्षर कुणाचं?"

तुम्ही माझ्या अक्षराला शाळेत बक्षीस दिलं होतं, गुरुजी. जोडाक्षरंसुद्धा मोत्यासारखी, असं म्हणाला होतात. त्या माणसाच्या हातात ते अक्षर पाहून मला ते खरवडून काढावंसं वाटलं.

सुमंत साहेब फाशी लिहितात आणि वही मिटतात. ओव्हरसियर लिहितात, मुरूम उत्तम प्रतीचा. एकाचं लिहिलेलं दुसरा वाचत नाही. आमच्या दारात मात्र बैल, माणूस आणि माती एकाच छपराखाली आहेत, त्यांची खाती कुणी वेगळी केली?

आता मी रीतसर अर्ज लिहिते आहे. तारखा, जनावरं, कोण कुठे चरलं, सगळं. तुम्ही म्हणायचात, खात्री नसेल ते लिहू नये आणि खाडाखोड असलेला कागद देऊ नये. तिसरी प्रत चालू आहे.

चांगुणा

ता. क. राहीआत्याच्या जबड्याखाली एक पुळी आली आहे. मधे काळी. ती म्हणते, दुखत नाही.


२७ फेब्रुवारी १९७३

गुरुजी,

आत्या गेली. शनिवारी दुपारी, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात.

मागच्या पत्रात ती पुळी मी शेवटी ता. क. म्हणून लिहिली. ते खरं नव्हतं. लिहायला बसले तेव्हा आधी तीच मनात होती. दोन दिवसांपासून मी ती बघत होते. आत्याला म्हटलंही होतं, दवाखान्यात जाऊ. तिनं मला उडवून लावलं. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, आन तेवढ्यासाठी खाडा करू व्हय? तुजं शिक्षन लई झालं म्हनून सगळ्यास्नी आजारी पाडू नको." मला वाटलं, जे दुखत नाही ते फार वाईट नसेल. आणि माझा अर्ज अपुरा होता. "दुर्लक्ष" नीट लिहिलं गेलं नव्हतं म्हणून मी चौथी प्रत काढली. तीन दिवस, गुरुजी. तीन दिवस मी शुद्धलेखन करत होते आणि ती माझ्यापासून चार हातांवर घमेली उचलत होती.

गळा सुजून छातीपर्यंत उतरला तेव्हा आम्ही तिला बैलगाडीत घातलं. गाडीला एकच आमचा बैल होता, दुसरा शेजाऱ्यांचा.

डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच सुई दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काळपुळी आहे. चार दिवसांपूर्वी आणलं असतं तर पेनिसिलिनवर भागलं असतं. मेलेल्या जनावराला हात लावला होता का?"

मी पाखऱ्याचं सांगितलं. पदराचं सांगितलं.

ते रागावले. माझ्यावर नाही. "तुमच्या गावात गुरं मरतायत हे मला आज कळतंय? तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात माहीत आहे, आणि त्यांची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे!"

खरंच लागून आहे. मधे एक कडुनिंब आहे. आत्या व्हरांड्यात त्याच कडुनिंबाच्या सावलीत गेली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. ती हातानं विचारत होती, आणि मला बराच वेळ कळलं नाही. मग कळलं. ती शिंगं दाखवत होती. पाखऱ्याला नीट पुरलं का, असं विचारत होती. मी मान डोलावली.

ती सात वर्षांची मला शाळेत सोडायला आली होती, म्हणजे मी सात वर्षांची. दादा नको म्हणत होते. पोरगी गेली तर शेण कोण काढील? आत्या म्हणाली, मी काढीन. चौदा वर्षं तिनं माझ्या वाटणीचं शेण काढलं. त्यातून माझं अक्षर आलं. त्या अक्षरानं मी काय लिहिलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता मला दोन ओळींचा कागद नको. मला एवढंच सांगा, तुम्ही माझी पत्रं वाचता की नाही?

चांगुणा


१९ मार्च १९७३

ती. गुरुजींस,

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही वाचता, हे कळलं.

तुम्ही लिहिता, "राहीबाईंचे ऐकून वाईट वाटले. परंतु भावनेच्या भरात पाऊल उचलू नये. कागद मागे घेतल्यास कामाला खीळ बसेल व अंधश्रद्धेस पुन्हा खतपाणी मिळेल. म्हसोबाच कोपला, असेच लोक म्हणतील."

हो, म्हणतात. मीही ऐकते. तुम्हाला त्याची भीती वाटली. काळपुळीची नाही वाटली.

मला तुमचं कार्ड फाडायचं होतं. फाडलं नाही, कारण कडेला दमयंतीकाकूंनी बारीक अक्षरात लिहिलं आहे, "तुझे मागचे पत्र यांनी तीनदा वाचले." काकूंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी सातवीची गणितं सोडवली आहेत. त्या खोटं लिहिणार नाहीत.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती ऐका आणि मग ठरवा, अंधश्रद्धा कुणाची.

आत्याच्या तेराव्यानंतर मी कारभारीबाबांकडे गेले. ते ओट्यावर दोर वळत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, माफ करा. म्हसोबाला हसले."

त्यांनी वर पाहिलंही नाही. म्हणाले, "म्हसोबा कसला? तिथं कुनी म्हसोबा न्हवता."

मला वाटलं, दुःखानं बाबांचं डोकं फिरलं.

"आगं, दगुड हाय त्यो. वढ्यातला. माज्या बापानं आनला. मी धा-बारा वर्साचा हुतो. दुस्काळच हुता, असाच. आठ दिसात गावची साठ ढोरं गेली. नाकातनं रगत. गाडाया मानसं पुरंनात. ज्यांनी वढली त्यातलीबी चार गेली, गळ्याला काळं इवून. तवा सगळ्यांनी ठरिवलं, हितं परत कुनी खांदायचं न्हाई, चारायचं न्हाई. पर आसं ठरवून लोकं किती दिस ऐकत्यात? धा वर्सं. लई झालं तर पंधरा. मंग बाप म्हनला, मानसाचं ऐकनार न्हाईत, देवाचं ऐकतील. दगडाला शेंदूर फासला. पन्नास वर्सं ऐकलं का न्हाई?"

"मग बाबा, कार्तिकात हे सभेत का नाही सांगितलं?"

बाबांनी दोर बाजूला ठेवला.

"तू इचारलं व्हय? मास्तरनं इचारलं? 'का' म्हनून येक शब्द? मी त्वांड उघडलं, तर तुमी हासाया लागला. हसनाऱ्याला काय सांगायचं?"

गुरुजी, तुम्ही फळ्यावर पहिल्या दिवशी लिहिलं होतं, कोणतीही गोष्ट का म्हणून विचारल्याशिवाय मानू नये. मी ते आयुष्यभर धरून ठेवलं. पण का म्हणून विचारल्याशिवाय टाकूनही देऊ नये, हे तुम्ही कधी लिहिलं नाहीत. आपण दोघांनी देव तपासला. ज्याच्या बापानं तो तिथे ठेवला त्या माणसाला काही विचारलं नाही, कारण तो अंगठेबहाद्दर होता.

बाबांच्या बापाला अक्षर येत नव्हतं म्हणून त्यांनी दगडावर लिहिलं. आपण दोघं शिकलेले, आणि आपल्याला ते वाचता आलं नाही.

सुमंत साहेबांनी लस आणली. पायी आले. तीन दिवस राहून प्रत्येक जनावराला टोचलं. आरोग्य केंद्राचे डॉक्टर शेवटच्या दिवशी आले आणि दोघांनी आमच्या ओट्यावर बसून एकच यादी केली. आणखी तिघांना काळ्या पुळ्या निघाल्या. तिघेही सुईवर बरे होताहेत. हे दोघे बोलले म्हणून झालं. आधी बोलले असते तर आत्या असती. मी हे त्यांच्या तोंडावर म्हटलं. मी आता वडीलधाऱ्यांच्या तोंडावर बोलते, गुरुजी. तुम्हाला आवडणार नाही.

खड्डा मात्र रोज खोल जातो आहे. मृगाचा पाऊस आला की त्यातलं सगळं पाणी ओढ्यानं पाझर तलावात उतरेल. मग माणसं आणि गुरं एकाच काठावर पाणी पितील, कायमची.

तुमची सही हवी आहे.

चांगुणा


२१ मे १९७३

ती. गुरुजींस,

तुमची सही आली नाही. काय झालं ते ऐका.

माझा अर्ज परत आला. शेरा होता, "पूर्वीच्या ग्रामस्थ निवेदनाशी विसंगत." म्हणजे चांगुणा सहादेव ही चांगुणा सहादेवशी विसंगत. त्या दिवशी मी सुकडी वाटता वाटता रडले. गोजरबाई रांगेत होती. ती आमच्या टोळीची म्होरकी, आत्याची मैत्रीण. तिनं विचारलं, कागदात काय आहे? मी वाचून दाखवलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "मंग कागद ऱ्हाऊ दे तितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ढोरमाळाच्या खड्ड्याशी गेली आणि तिनं आपलं घमेलं पालथं ठेवलं. तिच्यामागून दुसरीनं, मग तिसरीनं. नव्वद बायकांची घमेली पालथी पडली. ओव्हरसियर धावत आले.

"काम बंद केलंत तर मजुरी बुडेल! लिहून ठेवा!"

"काम कुटं बंद केलंय सायेब?" गोजरबाई म्हणाली. "घमेली हितं पालथी पडत्यात. त्या बोडक्या टेकडीवर न्या, आपोआप सुलटी व्हत्यात."

"ही काय थट्टा आहे?"

"मातीला रोग व्हत न्हाई म्हनला न्हवं तुमी? मंग उतरा खाली. दोन खोरी मारा. आमी घमेली उचलतो."

ते उतरले नाहीत. खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, बूट मागे घेतले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. तीन दिवस सगळ्यांनी उपाशी काढले. चौथ्या दिवशी त्यांनी बोडक्या टेकडीवर आखणी करून दिली. कागदावर मुरूम अजून ढोरमाळाचाच निघतो आहे. माझ्यासारखीला याचा त्रास व्हावा, आणि होतोही, पण आता झोप लागते.

मग आम्ही खड्डा बुजवला. चुनखडी गावानंच भाजली. डॉक्टरांनी सांगितलं तशी हातापायांना फडकी गुंडाळून खड्ड्यातली आणि बांधावर गेलेली हाडं, त्यावर चुना, त्यावर हातभर माती घातली. कारभारीबाबा काठावर बसून "आनखी टाका, आनखी" म्हणत होते. आप्पासाहेब सरपंचांनी "चराई बंद"ची पाटी लावू का म्हणून विचारलं. मी लाल रंगानं लिहूनही दिली. पण गावात वाचणारे किती? आणि येत्या पावसानंतर तिथं पहिलं हिरवं गवत उगवेल. भुकेल्या गुराचा मालक पाटी वाचत थांबत नाही.

मी बाबांना म्हटलं, "ओढ्यातून दुसरा दगड आणू या. शेंदूर मी लावते."

हे लिहिताना माझा हात थांबला होता, गुरुजी. पण मी ते म्हटलं, आणि शेंदूर का लावायचा हे मला ठाऊक आहे. पुढच्या पोरीनं विचारलं तर तिला सांगेन. कुणी विचारलं नाही तरी सांगेन. तो दगड कशावर ठेवला आहे हे शाळेत दर पोळ्याच्या आदल्या दिवशी सांगायचं, असं मी नव्या मास्तरांकडून कबूल करून घेतलं आहे.

बाबा म्हणाले, "दुसरा नगं."

"का? दगड कोणताही चालेल की. तुम्हीच म्हणालात, ओढ्यातलाच तो."

"दगुड कोनचाबी चालतो. पर मास्तरनं न्हेला त्योच पायजे. मास्तरनं आनाय पायजे. गावानं त्यास्नी न्हेताना बघितलंय, आनताना बघू दे. मंग लोकं ऐकतील. आनखी पन्नास वर्सं."

आणि वर म्हणाले, "कोपायचा न्हाई म्हनावं. म्या सांगतो त्येला."

दादा हसले. मीही हसले. आत्या गेल्यापासून पहिल्यांदा.

म्हणून हे पत्र. तुमच्या सहीवाचून मुरूम हलला. सही आता तुम्ही स्वतःसाठी करायची तर करा. पण दगड लागतो. लोक काय म्हणतील याची तुम्हाला भीती आहे, ती खरी आहे. काही जण म्हणतील, मास्तर देवाला घाबरले. तेव्हा तुम्ही तिथे उभे राहून, मोठ्या आवाजात, खाली काय पुरलं आहे ते सांगायचं. राहीआत्याचं नाव घ्यायचं. तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

मृगाला सतरा दिवस आहेत. नगरहून सकाळी साडेआठची एस.टी. आमच्या फाट्यावर साडेदहाला येते. काकूंना म्हणावं, दगड जुन्या पोत्यात गुंडाळून द्या.

फाट्यापासून माळ दीड मैल आहे आणि दगड एकट्यानं उचलण्यासारखा नाही. मला त्याचं वजन माहीत आहे. मी रोज त्या गाडीला येऊन उभी राहीन. नेताना एक बाजू मी धरली होती, आणतानाही धरते.

चांगुणा